कोरा

टेबलावर पाच पांढरे.
दुसऱ्या कुणी पाहिले तर म्हणेल, एकच रंग पाच वेळा.
पण आमच्या घरात पांढऱ्याला कधीच एक नाव नव्हतं.
वडील गिरणीत ब्लीचिंग खात्यात.
कोरा म्हणजे न धुतलेला, सुताच्या अंगचा, पिवळसर;
मग धुवट, मग नीळ दिलेला,
आणि एक फक्त एक्स्पोर्टच्या टॉवेलांचा,
ज्याच्याकडे दुपारी बघवत नसे.

पहिला कागद चकचकीत. ट्यूबलाइट त्यात अख्खी उतरते,
फोटोला जागा उरत नाही.
दुसऱ्यावर नोटा तपासायचा निळा दिवा धरला
तर तो जांभळा पेटला. नीळ आहे ह्यात.
चार उन्हाळे, मग खालचा खरा रंग वर येणार.
तिसरा बरायटा. काळा काय बसतो त्यावर!
दाराच्या आतला काळोख थेट विहिरीसारखा.
चौथ्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.
पाचवा निव्वळ कापूस, कोराच,
काळा त्यावर थोडा धुरकट,
तव्यामागची काजळी बोटानं पुसावी तसा.

पाकिटावर लिहिलंय, दोनशे वर्षं.
कुठल्या थंड खोलीत मोजली?
आमच्या पत्र्याखालचा चव्वेचाळीसचा पारा
त्यात धरलाय का?

निगेटिव्ह वडिलांची. चौऱ्याऐंशी साल, साखर पेठेतलं अंगण.
नऊ बायका, मांडीवर सुपं, सुपात तेंदूची पानं,
आठ माना खाली. एक वर,
कारण बटण दाबण्याआधी वडिलांना खोकला आला होता.

ती वर बघणारी, नरसम्मा मेरगू,
काल विडी घरकुलातून आली, नातवाच्या मागे बसून.
एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं दिवाळीनंतर.
मी पांढरे हातमोजे पुढे केले,
म्हटलं, बोटांचा तेलकटपणा कागदाला बाधतो, मावशी.
ती हसली.
"रेशनच्या मशीनवर माझं बोट उठत नाही,
तुझ्या कागदावर काय उठंल?"

चाळीस वर्षं पानं वळून गुळगुळीत झालेला अंगठा खाली,
दोन बोटं वर. डोळे मिटले.
मी नको म्हणायच्या आत तिसऱ्याचा कोपरा वाकवला.
केसाएवढी रेघ.
"ह्ये पान वाळलंय. तडकतंय."
दोनशे साठ रुपये, मी मनात म्हटलं.
पाचवा वाकला, सावकाश परत आला.
"ह्ये भिजवून, पिळून, फडक्यात ठेवल्यावानी."
मग उलटून, पुन्हा उलटून, "ही सुलटी बाजू."
मला ती ओळखायला कोपरा ओठाला लावावा लागतो.

तरी मी हट्टानं दोन्ही प्रिंट समोर ठेवले,
म्हटलं, काळा बघा, मावशी, तिसऱ्यातला.
ती चांगला डोळा दाराजवळ नेऊन बराच वेळ बघत राहिली.
"तिथं आत माझी सासू निजली होती.
ताप होता तिला."
मी पण बघितलं.
तिसऱ्यात ती नाही.
पाचव्यात आहे असं म्हणता येईल.

रात्री पंखा बंद करून छापलं.
ओळीमागून ओळ, आधी पत्रा, मग कपाळं, मग सुपं,
मी घाम पुसत, प्रिंटर मागेपुढे,
बंद मागाचा आवाज आठवेल इतपतच.
सकाळी वाळल्यावर मागे मऊ पेन्सिलीनं नावं लिहिली.
सात तिनं सांगितली. आठवी "कोंड्याची सून".
नववीचं नाव ओठांवर होतं, आलं नाही.
तिथं जागा सोडलीय.

बाकी चार कागदांच्या पट्ट्या
खिडकीच्या काचेला चिकटवल्यात, अर्ध्या झाकून.
तडकलेली पण.
मे अजून तीन आठवडे आहे.
बघू.